लोखंड डोंगरात, रक्तात का नाही?

मागच्या महिन्यात या सदरातून मी वाचकांना एक साधा प्रश्न विचारला होता. यंदाच्या पावसाळ्यात तुमच्या वाडीत काय चालले आहे, एवढेच कळवा, असे म्हटले होते. वाडी म्हणजे घरामागची ती काटेरी कुंपणातली जागा. कोणी तिला सांदवाडी म्हणतात, शिकलेली माणसे परसबाग म्हणतात. आरोग्याच्या सदरात हा कसला प्रश्न, असे काहींना वाटले असेल. पण उत्तरे आली ती मनापासून लिहिलेली. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी लसीकरणाच्या दिवशी तोंडी सांगितले आणि आशाताईंनी ते माडियातून मराठीत करून माझ्यापर्यंत पोचवले.

ब्रह्मपुरीकडच्या एका आजींनी कळवले की, कोहळ्याचा वेल कवेलूंवर चढला आहे, माकडांनी तीन कवेलू फोडले, पण कोहळे मात्र शाबूत आहेत. न्हाणीच्या पाण्यावर त्यांचा धोपा एवढा माजला आहे की, शेजारच्या चार घरांना वड्यांसाठी पाने पुरतात. मूलचेरा तालुक्यातल्या एका बंगाली कुटुंबाने लिहिले की, त्यांच्याकडे पुई, म्हणजे आपला मायाळू, कुंपणभर पसरला आहे. सिरोंच्याच्या एका गुरुजींकडे गोंगुरा, म्हणजे आपलीच अंबाडी, कंबरेएवढी झाली आहे आणि घरात लोणच्याची तयारी सुरू आहे. एटापल्लीच्या एका शिक्षिकेची वांग्याची रोपे पाण्याने सडली. पुढच्या वर्षी वाफे उंच करीन, असे त्या लिहितात. एक भाजी तीन भाषांत तीन नावांनी ओळखली जाते, असा आपला मुलूख आहे.

सूरजागड पट्ट्यातल्या बायांनी सांगितले की, मक्याची कणसे भरली आहेत आणि राखणीला रात्री जागावे लागते. दोडका आणि कारली मांडवावर आहेत. वालाला अजून फूल नाही, तो दिवाळीच्या सुमारास येईल. एका आजींनी दुधीचे दोन मोठे भोपळे मुद्दाम तोडले नाहीत. एक बियांसाठी आणि एक तुंब्यासाठी. तुंब्यातले पाणी उन्हाळ्यात गार राहते, ते फ्रीजमधल्यासारखे घशाला लागत नाही, असे त्यांचे मत आहे. डॉक्टर म्हणून माझा त्याला विरोध नाही.

आणि याच पट्ट्यातून एक प्रश्न आला. विचारणारी मुलगी दहावीत शिकते. तिने लिहिले, “आमची वाडी रस्त्याला लागून आहे. ट्रक गेला की पाने लाल होतात. शाळेत शिकवले की लोह खाल्ल्याने रक्त वाढते. मग ही पाने न धुता खाल्ली तर आमचे रक्त वाढेल का?”

हा प्रश्न तिने थट्टेने विचारला की खरेच, हे मला कळले नाही. पण आजचे सदर या एका प्रश्नासाठी लिहीत आहे.

डोंगरातले लोखंड पोटात मुरत नाही

उत्तर सरळ आहे. नाही, वाढणार नाही. सूरजागडच्या डोंगरात आहे ते हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचा एक प्रकारचा गंजच. तो पाण्यात विरघळत नाही आणि पोटातल्या आम्लातही नावापुरताच विरघळतो. तो जसा तोंडातून जातो, तसाच जवळजवळ सगळा बाहेर पडतो. शिवाय धुळीबरोबर माती, रेतीचे बारीक कण आणि रस्त्यावरची इतर घाण येते. पानावर धुळीचा थर बसला की त्याला ऊन नीट मिळत नाही आणि वेलही खुरटतो. तेव्हा मुली, रस्त्याकाठची भाजी चिरण्यापूर्वी तीन पाण्यांनी धू. आधी धुवायची आणि मग चिरायची. चिरून धुतली तर धूळ जाते, पण जीवनसत्त्वेही पाण्याबरोबर जातात.

पण तिच्या प्रश्नात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. जिथून टनांनी लोखंड जाते, तिथल्या बायांच्या रक्तात लोह नाही. ही काही एकट्या सूरजागडची कथा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते, आणि त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत ते ४८ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, मोबाइल आले, आणि रक्त मात्र कमी झाले. आपल्या जंगलपट्ट्यात तर त्यात हिवतापाची भर पडते, कारण हिवताप तांबड्या पेशीच फोडतो. अनवाणी चालण्याने शिरणारे आकडेकृमी आतड्यातून रक्त पितात. आणि सिकलसेल आहेच.

माझीच एक चूक

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक माडिया बाई सहाव्या महिन्यात तपासणीला आली. हिमोग्लोबिन सात. मी पुस्तकात वाचले होते तसे तिला सांगितले की पालक, बीट, सफरचंद खा. सोबत आलेल्या सासूने हे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे कुठे मिळते?” बाजारात, असे मी म्हणालो. नाल्याला पूर होता. त्यांच्या गावातून बाजाराला येणारी वाट पंधरा दिवस बंद होती आणि त्या दोघी त्या दिवशी कशाबशा आल्या होत्या. माझे उत्तर मलाच ओशाळे करून गेले.

पुढे पाणी ओसरल्यावर नर्सबाईंबरोबर मी त्यांच्या घरी गेलो. घरामागे वाडी होती. त्यात लाल माठ होता, अंबाडी होती, बरबटी होती. कोपऱ्यात मुनग्याचे झाड होते. त्याच्या शेंगा घरात शिजत आणि पाला शेळ्या खात. छपराच्या वाशात आमच्याच दवाखान्यातल्या लाल गोळ्यांची पाकिटे खोचलेली होती. गोळी घेतली की मळमळते आणि शौचाला काळे होते, म्हणून घाबरून तिने त्या बंद केल्या होत्या. काळे होणे हे लोहामुळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. मीसुद्धा नाही. आणि जेवण झाले की घरात सगळे वाटीभर कोरा चहा पीत होते.

म्हणजे औषध वाशात होते, भाजी वाडीत होती, आणि मी तिला सफरचंद सांगत होतो. त्यानंतर तिने गोळी रात्री जेवणानंतर घेतली, जंताची गोळी घेतली, मुनग्याचा पाला शेळीच्या आधी भांड्यात गेला. नववा लागला तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्या वर होते. बाळंतपण सुखरूप झाले. तेव्हापासून बाईला तपासताना मी जीभ आणि डोळे पाहतो, आणि तिसरी गोष्ट विचारतो की, तुझ्या वाडीत काय आहे?

वाडीतले कसे खावे

आता थोडा हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम मुनग्याच्या पाल्यात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. हिरव्या माठातही जवळपास तेवढेच असते. वयात आलेल्या स्त्रीने रोज २९ मिलिग्रॅम लोह घ्यावे, असे तीच संस्था सांगते. म्हणजे मोठी वाटी भाजीने एका दिवसाच्या गरजेचा सहावा हिस्साच मिळतो. उरलेले डाळ, कोसरी-ज्वारीसारखी धान्ये, अंडी, मासळी, मटण यांतून यावे लागते. आपल्याकडे मांसाहाराची मनाई नाही, ही जमेची बाजू आहे. मांसातले लोह शरीर सहज घेते आणि सोबतच्या भाजीतले लोहही जास्त मुरते.

पाल्यातले लोह मात्र जरा हट्टी असते. ते शंभरातले पाच-दहा भागच अंगी लागते. त्याचा हट्ट मोडायला आंबट लागते. लिंबू, आवळा, टमाटर, पेरू, कैरी यांतले क जीवनसत्त्व सोबत असले तर दुपटी-तिपटीने लोह मुरते. आपल्या जुन्या बाया माठात अंबाडी घालत, डाळीत कैरी घालत. त्यांना जीवनसत्त्वाचे नाव माहीत नव्हते, पण चव माहीत होती. मुनग्याच्या पाल्यात तर लोह आणि क जीवनसत्त्व दोन्ही एकत्र असतात. मात्र फार वेळ उकळले की क जीवनसत्त्व जाते. म्हणून पाला शेवटी टाकावा, एक वाफ आली की उतरवावा आणि पाणी फेकू नये.

याच्या उलट काम चहा करतो. जेवणाबरोबरचा चहा लोह आतड्यातच बांधून ठेवतो. चहा सोडा, असे मी म्हणणार नाही, कारण कोणी ऐकणार नाही. जेवण आणि चहा यांच्यात एक-दीड तासाचे अंतर ठेवा, एवढेच म्हणतो.

आणि लोखंडी कढई विकू नका. अंबाडीची किंवा टमाटरची आंबट भाजी लोखंडी कढईत शिजली की त्या कढईचे थोडे लोह भाजीत उतरते, आणि ते अंगी लागते. डोंगरातले लोखंड रक्तात आणायचा हाच काय तो सरळ मार्ग आहे. ॲल्युमिनियमची भांडी हलकी आणि स्वस्त असल्यामुळे घराघरांतून कढई हद्दपार झाली. भंगारवाल्याला दिलेली कढई परत मिळत नाही.

वाडी म्हणजे दवाखाना नव्हे

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाडीचे कौतुक करता करता गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. बांगलादेशात १९९० पासून घरोघरी भाजीपाल्याच्या बागा लावण्याचे मोठे काम झाले. त्यातून लोकांच्या ताटात भाज्या वाढल्या, अ जीवनसत्त्व वाढले, बायांच्या हातात थोडा पैसा आला. पण जगभरच्या अशा कामांचा अनुभव हेच सांगतो की, नुसत्या बागेने रक्तक्षय फारसा हटत नाही. म्हणून गरोदर बाईने सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी लाल गोळी रोज एक, याप्रमाणे १८० दिवस घेतलीच पाहिजे. मुलांना जंताची गोळी वेळेवर दिलीच पाहिजे. ताप आला की रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. वाडी या सगळ्याच्या सोबतीला आहे, बदल्यात नाही.

सिकलसेल असलेल्यांना एक वेगळी सूचना. तुम्हाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, विशेषतः वारंवार रक्त चढवावे लागत असेल तर. पालेभाजीला मात्र मनाई नाही. तुमच्या शरीरात नव्या पेशी सारख्या तयार व्हाव्या लागतात आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. ते गोळीतून घ्याच, हिरव्या पानांतूनही मिळते. ज्यांनी सिकलसेलची तपासणी केलेली नाही, त्यांनी ती एकदा करून घ्यावी. देशपातळीवर यासाठी २०२३ पासून मोहीम सुरू आहे.

वाडीत काम करतानाही जपावे. वेलांच्या दाट मांडवाखाली आणि लाकडांच्या ढिगात साप असतात. मण्यार रात्री घरात येते आणि झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा दंश दिसतही नाही. रात्री राखणीला जाताना बॅटरी आणि काठी घ्या, जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी चहूबाजूंनी खोचून घ्या. चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. कपाशीवरचे उरलेले औषध वाडीतल्या वांग्यावर मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते अजून आपल्या स्मरणात आहे. तेच विष पोरांच्या ताटात येऊ देऊ नका. न्हाणीचे पाणी साचू देण्यापेक्षा केळीला किंवा धोप्याला चारी काढून द्या, म्हणजे डासही कमी होतील आणि भाजीही होईल.

होळीपर्यंत वाडी का टिकत नाही?

एवढे सगळे असूनही आपल्या वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. याची कारणे घरात कमी आणि घराबाहेर जास्त आहेत. धान निघाले की गुरे मोकळी सुटतात आणि कुंपण मोडते. हातपंप गावाच्या दुसऱ्या टोकाला असतो. पाणी आणणारी बाईच असते, ती आधीच धान कापून आलेली असते. तिने डोक्यावर आणलेला हंडा वालाच्या मुळाशी ओतावा, असे सांगायला आपली जीभ रेटत नाही. म्हणजे वर्षातले चार महिने ताटात पाला असतो आणि आठ महिने भात व पातळ रस्सा.

सरकारला हे कळत नाही असे नाही. १९६० च्या दशकातही पोषाहाराच्या योजनेतून गावोगावी भाज्यांच्या बागा आणि कोंबड्या आल्या होत्या. आता २०१८ पासून सप्टेंबर महिना पोषण महिना म्हणून साजरा होतो, अंगणवाडीत पोषण वाटिका होतात, बचत गटांच्या बायांना परसबागेचे शिक्षण मिळते. हे सगळे चांगले आहे. पण पुष्कळ ठिकाणी फोटो निघतो, बियांचे पाकीट मिळते, आणि पाकिटात पालक, मुळा, गाजर असते. पाकीट संपले की बाग संपते, कारण संकरित वाणाचे बी धरले तर दुसऱ्या वर्षी तसे पीक येत नाही. आजीच्या तुंब्यातल्या बियांना मात्र पन्नास पावसाळे झालेले असतात.

माझे मत असे आहे की, वाडी ही आरोग्याची बाब मानली पाहिजे. गरोदर बाईच्या कार्डावर वजन आणि रक्तदाब लिहितो, तसे तिच्या वाडीत काय आहे हेही नर्सबाईंनी विचारावे आणि त्यातूनच आहार सांगावा. प्रत्येक हातपंपाचे सांडपाणी गावातल्या दोन-चार वाड्यांकडे वळवावे, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पुरे आहे. ग्रामपंचायतीने रोजगार हमीतून कुंपणाचे काम घेता येते का, ते पाहावे. आणि प्रत्येक घरी मुनग्याची एक फांदी खोचावी. ती पाणी मागत नाही, उन्हाळ्यातही पाला देते. गुरांपासून मात्र पहिली दोन वर्षे जपावी लागते.

आणि धुळीचे काय? २०२१ पासून सूरजागडच्या डोंगरावर खाणीचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. काही घरांत पगार येऊ लागला, तो मी वाईट म्हणणार नाही. ज्या घरात उपास होता तिथे भात शिजला, हे डॉक्टरने आनंदानेच पाहिले पाहिजे. पण पगार आला त्या घरात वाडी मागे पडू लागली आणि पोरांच्या हातात पाच-दहा रुपयांची पाकिटे आली, हेही मी पाहतो. आणि ज्यांच्या घरी पगार आला नाही, त्यांच्या पानांवरही धूळ येतेच. रस्त्यालगतच्या गावातली बाई तीन पाण्यांनी भाजी धुते ते पाणीही तिलाच डोक्यावरून आणावे लागते. ते तिने का आणावे? खनिजाची वाहतूक झाकून व्हावी, गावाजवळ रस्त्यावर वेळेवर पाणी मारले जावे, ही मागणी काही राजकारणाची नाही. ती ताटातल्या भाजीची मागणी आहे. वाडीवर धूळ येऊ न देणे हे ज्याच्यामुळे धूळ उडते त्याचे काम आहे, भाजी धुणाऱ्या मुलीचे नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी दिले. उरलेले अर्धे त्यांनी द्यावे.

शेवटी एक सूचना. जानेवारीत सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते. सूरजागड इलाक्याच्या सत्तर गावांचे लोक तिथे येतात. तोपर्यंत वाल, मका, बरबटी, दुधी, अंबाडी यांचे बी वाळून हाताशी आलेले असते. त्या वेळी ज्येष्ठ बायांनी आपल्याकडचे बी चिमूटभर पुडीत बांधून आणावे आणि दुसऱ्या गावच्या बाईशी अदलाबदल करावी. यासाठी मंडप नको, पाहुणे नकोत, फोटोही नको. नवे पीक पंडुम झाल्याशिवाय न खाणाऱ्या लोकांना बियांचा मान कसा ठेवायचा, हे कोणी शिकवायला नको.

ज्या आजींनी तुंब्यासाठी भोपळा राखला आहे, त्यांना मी निरोप पाठवला आहे की, दोन बिया माझ्यासाठी ठेवा. दवाखान्याच्या मागे थोडी जागा आहे. पुढच्या पावसाळ्यात तिथे काय उगवले ते याच सदरात कळवीन. तुमच्या वाडीतली बातमी मात्र तोवर थांबवू नका.